चाळिशीनंतर लिबरल स्टडीजचं एम.ए. करायचं असेल तर

मी मराठी माध्यमातून शिकलेली कॉम्प्युटर इंजिनिअर. अमेरिकेत बाल्टिमोरला नोकरी करता करता सेहेचाळिसाव्या वर्षी अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजात लिबरल आर्ट्सच्या एम.ए.ला नाव घातलं. यालाच काही ठिकाणी लिबरल स्टडीज म्हणतात: एकाच विषयात न अडकता साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान असं सगळं वाचायचं. परवा न्यू जर्सीहून मावसबहिणीने विचारलं, "ताई, मलाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी हे ठरवा की पदवी कशासाठी हवीय. पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर इतिहास किंवा तत्त्वज्ञान असा एकच विषय धरा. लिबरल स्टडीज त्यासाठी नाही. पण नोकरी-संसारात वीस वर्षं वाचायचं राहून गेलं असेल आणि त्यावर कुणाशी तरी नीट बोलायचं असेल, तर जरूर करा.

सगळीकडचा अभ्यासक्रम सारखा नसतो. वेस्लियन विद्यापीठात असं शिक्षण १९५३ मध्ये सुरू झालं, डार्टमथ आणि जॉर्जटाऊन विद्यापीठांतही आहे. बऱ्याच ठिकाणी विषय आपण निवडायचे असतात. सेंट जॉन्सला मात्र वाचायचं काय ते ठरलेलं. साहित्य, तत्त्वज्ञान आणि धर्म, राजकारण आणि समाज, इतिहास, गणित आणि निसर्गविज्ञान असे पाच विभाग, त्यांतले चार पूर्ण करायचे. शिकवणाऱ्याला प्रोफेसर नाही, ट्यूटर म्हणतात. तो व्याख्यान देत नाही. एक प्रश्न टाकतो आणि टेबलाभोवतीचे सगळे बोलू लागतात.

गणिताचा विभाग टाळू नका. मी टाळणार होते. तिथे युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञाचं भूमितीचं पुस्तक वाचतात आणि फळ्यापाशी उभं राहून प्रमेय सिद्ध करून दाखवतात. माझ्या वाट्याला त्याच्या पहिल्या खंडातलं सत्तेचाळिसावं प्रमेय आलं, म्हणजे आपला पायथागोरस. शाळेत पक्ष, साध्य, सिद्धता घोकलेली, त्यामुळे मी निर्धास्त होते. खडू घेतला आणि सवयीने बाजूंच्या डोक्यावर छोटा दोन काढला. समोरच्या निवृत्त नर्सबाईंनी शांतपणे विचारलं, "हा दोन युक्लिडने कुठे लिहिलाय?" खरंच कुठे नव्हता. तो इथे गुणाकार करतच नाही. तिन्ही बाजूंवर खरेखुरे चौरस उभे करतो, काटकोनातून एक रेघ खाली सोडून मोठ्या चौरसाचे दोन आयत पाडतो आणि एकेक आयत एकेका लहान चौरसाएवढा आहे हे दाखवतो. इंग्रजीत दोन्हीला स्क्वेअरच म्हणतात. आपल्याकडे वर्ग वेगळा, चौरस वेगळा. मी तीस वर्षं 'कर्णाचा वर्ग' म्हणत आले होते. त्या संध्याकाळी 'कर्णावरचा चौरस' पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. मराठीतलं शिक्षण तिथे असं कामी येईल असं वाटलं नव्हतं.

वाचन दोनदा करा. पहिल्यांदा पेन्सिल न घेता, दुसऱ्यांदा घेऊन. पहिले दोन-तीन आठवडे आपल्याला बोलायला जड जातं, कारण वर्गात गप्प बसणं म्हणजे शहाणपण असं आपण शिकलेलो. घरून एक वाक्य ठरवून जा: अमुक पानावरचं मला कळलं नाही. एवढ्यावर अर्धा तास चर्चा होते.

पैशांचं आणि व्हिसाचं थोडक्यात सांगते. कंपनी फी देते का, एचआरला विचारा. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं. एच-१बी वरही नोकरी चालू ठेवून शिकता येतं. तरी आपली कागदपत्रं वकिलाला एकदा दाखवा.

अर्जाआधी कॉलेजला ईमेल करून एका सेमिनारला बसू द्याल का असं विचारा. माझा निर्णय त्या दोन तासांत झाला. बी.एस्सी., बी.कॉम. तीन वर्षांचं असेल तर ते चालतं का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. आणि भारतातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला गुणांचा अधिकृत उतारा, आजच मागवा. माझ्या विद्यापीठातून यायला चार महिने लागले आणि एक सत्र हातचं गेलं. शेवटी भाऊ स्वतः खिडकीवर जाऊन सीलबंद पाकीट घेऊन आला.