भर गर्दीत हृदय बंद पडलेल्या माणसासाठी काय करावे

इंदूरच्या सराफ्यात रात्री खाण्याच्या गाड्यांपुढे उभा असलेला माणूस अचानक कोसळला, तर प्रथम त्याचे खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसल्यास समोरच्या एकाला बोट दाखवून १०८ लावायला सांगावे आणि दुसऱ्याला गल्लीच्या तोंडाशी पाठवावे, कारण त्या गर्दीत वाट दाखवणारे कोणी नसेल तर ॲम्ब्युलन्सची माणसे रुग्णापर्यंत लवकर पोहोचत नाहीत.

खरी फसगत यानंतर होते. हृदय थांबल्यावरही काही वेळ रुग्ण आचके देतो. जबडा उघडतो, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. हा श्वास नव्हे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, पाहायला जमलेल्या गर्दीत माझ्यासमोर एक गृहस्थ पडले, तेव्हा कोणीतरी "श्वास चालू आहे, वारा घाला" म्हणाले आणि हे प्रथमोपचार शिकलेलो असूनही मी हात आखडला. तिसऱ्या आचक्यानंतर चूक लक्षात आली, पण तोवर गेलेला वेळ मला आजही बोचतो. म्हणून श्वास चालू आहे का हे ठरवायला छातीकडे १० सेकंदांहून अधिक पाहत बसू नये. नाडीही शोधू नये, कारण घाबरलेल्या बोटांना स्वतःचेच ठोके लागतात. शंका असली तरी छातीवर दाब देणे सुरू करावे. हृदय चालू असलेल्या माणसाला त्याने गंभीर इजा क्वचितच होते, मात्र बंद पडलेल्या हृदयाला वाट पाहणे परवडत नाही. कांदा किंवा जोडा हुंगवणे आणि तोंडात पाणी ओतणे यांना ठाम नकार द्यावा. बेशुद्ध माणसाच्या जिभेखाली कोणतीही गोळी ठेवू देऊ नये.

रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध तळहाताची टाच टेकवावी, वर दुसरा हात ठेवावा आणि कोपरे ताठ ठेवून ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमलेला माणूस नेमका तिच्यावर रेलून राहतो, म्हणून दर २ मिनिटांनी दाबणारा बदलावा. बरगडी कडकन वाजली तरी थांबू नये. जवळपास एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, असेल तर ते मागवून चालू करावे आणि त्यातला आवाज सांगेल तसे करावे. रुग्ण हालचाल करून नीट श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा ॲम्ब्युलन्सची माणसे ताबा घेईपर्यंत हात काढू नयेत.