स्पिन बाइकची टकटक कशी थांबवली

कोथरूडच्या आमच्या जिममधली एक स्पिन बाइक डाव्या पायाच्या प्रत्येक फेरीला ‘टक’ करायची. सगळे म्हणत, बेअरिंग गेलं. मी सीटवरून उठून, उभ्याने पेडल मारून पाहिलं. आवाज तसाच, म्हणजे सीटचा दोष नव्हता. मग डावं पेडल हाताने हलवलं, तर ते क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्यात, डुगडुगत होतं.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सैल होतं. १५ मिमीच्या पान्याने काढलं, घामाने चढलेला गंज ब्रशने साफ केला, आट्यांना ग्रीस लावून घट्ट आवळलं. टकटक थांबली. पेडल सैल असेल तर बाइकवर कुणालाही बसू देऊ नका. क्रँकचे आटे झिजले की अख्खी क्रँक बदलावी लागते, आणि भर वेगात पेडल निखळलं तर पाय मोडायचा.

ब्रेकची चरचर वेगळी. आमच्या बाइकला फेल्टचं (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचं) पॅड फ्लायव्हीलवर, म्हणजे फिरणाऱ्या जड चाकावर, घासतं. कोरडं पडलं की ओरडतं. त्यावर सिलिकॉन स्प्रे पुरला. चुंबकीय रेझिस्टन्सच्या बाइकमध्ये, म्हणजे पॅडऐवजी चुंबकाने पेडल जड होतं तिथे, असं घर्षण नसतं. पुण्याच्या पावसाळ्यात घाम लवकर वाळत नाही, म्हणून क्लास संपला की हँडलबार आणि फ्रेम लगेच पुसा.