जाहिरातीतलं गाणं कुणाचं? शोधताना या चुका टाळा

जाहिरात संपते, गाणं मात्र दिवसभर ओठांवर राहतं. मग शोध सुरू होतो, आणि बहुतेकदा पहिल्याच पायरीवर चुकतो. पडद्यावर जी व्यक्ती दिसते तिचं नाव सापडलं, की आपल्याला वाटतं झालं काम. कॅडबरीची क्रिकेटच्या मैदानावरची जाहिरात घ्या. सुरक्षारक्षकाला चुकवून नाचत मैदानात शिरणारी मुलगी शिमोना राशी. हिंदी गाणं गायलं शंकर महादेवन यांनी, संगीत लुई बँक्स यांचं, शब्द पियूष पांडे यांचे. त्याच जाहिरातीच्या इंग्रजी आवृत्तीत आवाज गॅरी लॉयर यांचा. म्हणून आधी ठरवा, तुम्हाला नक्की कोण हवंय: चेहरा, गळा, चाल की शब्द? आणि तुम्ही ऐकलेली जाहिरात कोणत्या भाषेतली होती, हेही लिहून ठेवा. हिंदी, मराठी, तमिळ आवृत्त्यांत चाल एकच असली तरी गायक बदललेला असू शकतो.

लिरिल साबणाच्या जाहिरातीतली धबधब्याखालची कॅरन लुनेल सगळ्यांना आठवते. त्यामागचं संगीत वनराज भाटिया यांचं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? जिंगलच्या कलाकारांची नावं टीव्हीवर झळकत नाहीत, त्यामुळे चुकीचा अंदाज एकदा रुजला की खऱ्या माणसाचं श्रेय कायमचं जातं. मला ही गोष्ट फार लागते.

दुसरी चूक म्हणजे ॲपवर डोळे झाकून विश्वास. गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारं शझाम हे ॲप चाल ओळखत नाही, ध्वनिमुद्रण ओळखतं. ऐकलेल्या आवाजाचा ठसा काढून तो साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहतं. खास जाहिरातीसाठी केलेली जिंगल स्वतंत्रपणे प्रसिद्धच झाली नसेल, तर ठसा जुळणार कशाशी? अशा वेळी ‘सापडलं नाही’ या उत्तराचा अर्थ एवढाच, की ते मुद्रण साठ्यात नाही. निवेदकाचा आवाज गाण्यावर चढलेला असेल तर कंपनीच्या यूट्यूब वाहिनीवरची लांब आवृत्ती लावून पुन्हा ऐकवा. तरीही जमलं नाही, तर गुगलच्या ॲपमध्ये स्वतः गुणगुणून शोधा. ही सोय २०२० मध्ये आली आणि ती चालीवर चालते, त्यामुळे वाद्यमेळ बदललेला असला तरी उपयोगी पडते. टायटनच्या धूनसारख्या शोधात हाच रस्ता बरा. ती घड्याळासाठी रचलेली नाही. मोत्झार्टनं १७७३ मध्ये लिहिलेल्या २५व्या सिंफनीच्या पहिल्या भागातून ती आली आहे.

गाण्याचे शब्द टाइप करून शोधलं, तर बहुधा मूळ गायकाचं नाव वर येतं. जाहिरातीत मात्र ते गाणं दुसऱ्याच कुणी गायलेलं असू शकतं. ब्रिटनमध्ये जॉन लुईस या दुकानसाखळीच्या २०१३च्या नाताळच्या जाहिरातीत कीन या बँडचं गाणं लिली ॲलननं गायलं होतं. दोन्ही ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐका. श्वास कुठे घेतला, शब्द कसा सोडला, यावरून फरक कळतो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या श्रेयावर तर मुळीच थांबू नका. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ ही वस्तूची जाहिरात नव्हे, पण घोटाळा तसाच. भीमसेन जोशींचा सूर सुरुवातीलाच लागतो म्हणून सगळं त्यांच्याच नावावर जातं. त्या संगीतामागे अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचे कष्ट आहेत, शब्द पुन्हा पियूष पांडे यांचेच.

नव्या जाहिरातीसाठी अफाक्स, कॅम्पेन इंडिया यांसारख्या जाहिरात व्यवसायाच्या संकेतस्थळांवर ब्रँडचं नाव आणि वर्ष टाकून पाहा. बातमीच्या तळाशी अनेकदा एजन्सी, दिग्दर्शक, निर्मितीसंस्था आणि संगीतकार अशी यादी असते. गायकाचं नाव तिथेही नसेल तर संगीतकाराच्या स्वतःच्या पानावर जा. जाहिरात टीव्हीवर आली त्या आठवड्यातल्या पोस्ट आधी चाळा.