नेटवर्क ड्राइव्हवर फाइल जात नाही? सेटिंगला हात लावण्याआधी हे तपासा

कॉपी सुरू केली, हिरवी पट्टी सरकायला लागली म्हणून तुम्ही दुसऱ्या कामाला लागलात. अर्ध्या तासाने येऊन पाहता तर पट्टी ६२ टक्क्यांवर अडकलेली आणि खाली ‘अनपेक्षित नेटवर्क एरर’. पुन्हा सुरू करावं तर या वेळी ४० वरच अडकते.

अशा वेळी पहिला उपाय सगळ्यांना पाठ असतो: राउटर बंद करून चालू करायचा. तेवढ्याने भागलं तर उत्तमच. नाही भागलं की आपण सेटिंगांमध्ये शिरतो, इकडचं एक बदलतो, तिकडचं एक बदलतो, आणि तासाभराने मूळचं काय होतं हेही आठवत नाही. हा मार्ग मी बऱ्याचदा चोखाळलाय, म्हणून सांगतो. कॉम्प्युटर, मधला रस्ता (केबल, वायफाय, राउटर) आणि ड्राइव्हचा डबा (ज्यात डिस्का असतात आणि जो नेटवर्कवरून फाइली साठवतो) असे तीनच संशयित असतात. दोष कुणाचा, हे बिघाडाच्या लक्षणांवरूनच बरंचसं कळतं.

सुरू करण्याआधी एक पथ्य. शोध चालू असेपर्यंत फाइली ‘कट’ करू नका, कॉपीच करा. कट-पेस्ट मध्येच तुटलं की अर्ध्या फाइली इकडे आणि अर्ध्या तिकडे होतात, मग कोणती कुठे राहिली ते निस्तरत बसावं लागतं.

पायरी १: नेमकं दुखतंय कुठे?

तक्रारी चार प्रकारच्या असतात. ड्राइव्ह उघडतच नाही. उघडतो, पण कॉपी गोगलगायीच्या वेगाने होते. नीट चालता चालता मध्येच तुटते. किंवा बाकी सगळं जातं आणि ठरावीक फाइलीच अडतात. तुमची तक्रार कोणती ते ठरवा आणि एररचा आकडा लिहून किंवा फोटो काढून ठेवा.

मग एक छोटा प्रयोग करा. एक-दोन जीबीची एकच मोठी फाइल घ्या, व्हिडिओ असला तर उत्तम. ती ड्राइव्हवर टाका, मग तिथून परत कॉम्प्युटरवर आणा, आणि दोन्ही वेळचा वेग टिपून ठेवा. दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्यावरूनही हेच करा. दुसऱ्यावरून सगळं सुरळीत झालं तर डबा निर्दोष. आणताना वेग छान आणि टाकतानाच रडत असेल तर डब्यातल्या डिस्कवर संशय घ्या. दोन्हीकडून सारखाच मंद असेल तर आधी रस्ता तपासा.

पायरी २: ड्राइव्ह दिसतच नसेल तर

सर्वांत आधी दोन साध्या गोष्टी बघा. कॉम्प्युटर पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायला तर जोडलेला नाही ना? गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना घरातली बाकी उपकरणं दिसू नयेत, अशीच त्याची रचना असते. आणि व्हीपीएन (इंटरनेटचा रस्ता दुसरीकडून वळवणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर तो बंद करून पाहा.

मग ड्राइव्ह नावाने न उघडता पत्त्याने उघडा. विंडोजमध्ये फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे डब्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) द्यायचा, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.२०. (इथे सगळं देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना अंक आणि अक्षरं इंग्रजी घ्या.) पत्त्याने उघडला आणि नावाने नाही, तर डबा ठीक आहे, फक्त त्याचं नाव सापडत नाहीये. पत्त्यानेही उघडला नाही तर पत्ताच बदललाय का ते राउटरच्या यादीत पाहा. राउटर पत्ते वाटतो तेव्हा डब्याला कालचाच पत्ता आज मिळेल असं नाही. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला की ही कटकट संपते.

पत्ता बरोबर आहे, पिंगला (डबा जागा आहे का, हे विचारणाऱ्या आज्ञेला) उत्तरही येतंय, तरी ड्राइव्ह उघडत नाही? मग बोलीचा प्रश्न असू शकतो. कॉम्प्युटर आणि डबा एसएमबी नावाच्या बोलीत बोलतात. तिची पहिली आवृत्ती इतकी कच्ची होती की मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच भगदाडातून जगभर पसरला. त्याच वर्षाअखेरच्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती आवृत्ती आपोआप येईनाशी झाली. जुना डबा तेवढीच बोली जाणत असेल तर दोघांचं जमणार कसं? डब्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चालू करा. कॉम्प्युटरवर एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मानू नका.

२०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी एक वळण दिलं. प्रो आवृत्तीत आता प्रत्येक निरोपावर डिजिटल सही लागते, आणि पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून शिरणाऱ्याकडे सहीसाठी लागणारी किल्लीच नसते. कालपर्यंत बिनबोभाट उघडणारा ड्राइव्ह अपडेटनंतर अचानक दार लावून बसतो तो यामुळे. डब्यावर स्वतःच्या नावाचं, पासवर्ड असलेलं खातं उघडा आणि त्याने आत जा.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो, तो काढून टाका. एरर १२१९ आला तर तुम्ही एकाच डब्यावर एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी शिरायला बघताय. आधीचं कनेक्शन तोडा, मग दुसऱ्या नावाने या.

पायरी ३: वेग मंद असेल तर आकडा वाचा

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त वेळ याच तक्रारीत वाया जातो.

नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, कॉपीची खिडकी मेगाबाइटमध्ये दाखवते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १००० मेगाबिटच्या गिगाबिट जोडणीवर कागदोपत्री १२५ आणि प्रत्यक्षात ११० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. १०० मेगाबिटच्या जोडणीवर कागदोपत्री साडेबारा आणि प्रत्यक्षात ११ ते १२.

हा ११ चा आकडा लक्षात ठेवा. माझ्याकडे एकदा कॉपी ११.२ वर अडकली होती. १०.९ नाही, १३ नाही, तासभर ११.२ च. मी दोन संध्याकाळी डब्याची सेटिंगं उलटीपालटी केली, ड्रायव्हर बदलले, अँटिव्हायरस काढून पुन्हा बसवला. शेवटी टेबल पुढे ओढलं तेव्हा दिसलं की केबल टेबलाच्या पायाखाली चपटी झाली होती. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. एखादी तार तुटली की बहुतेक उपकरणं तक्रार न करता गुपचूप खालच्या वेगावर उतरतात. एरर नाही, लाल दिवा नाही, फक्त ११.२. नवी केबल लावली आणि पुढच्याच मिनिटाला १०९ दिसले.

तुमच्याकडेही असा एकाच जागी खिळलेला आकडा असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, मग इथरनेट इथे जाऊन ‘लिंक स्पीड’ पाहा. १०००/१००० ऐवजी १००/१०० दिसलं तर केबल बदला. तरीही फरक नसेल तर राउटरचं किंवा स्विचचं (केबली एकमेकींना जोडणाऱ्या उपकरणाचं) दुसरं तोंड वापरून पाहा. जुन्या राउटरची तोंडं मुळातच १०० मेगाबिटची असू शकतात. डब्याकडची केबलही विसरू नका, तीही याच साखळीतली कडी आहे.

वायफायवर आकडा एका जागी ठरत नाही, वरखाली उड्या मारतो. हवा सगळ्यांची एकच, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. कॉम्प्युटर आणि डबा दोघंही वायफायवर असतील तर प्रत्येक बाइट त्याच हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे. निदान डबा तरी केबलने जोडा. कॉम्प्युटर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणा. आणि शेकडो जीबी एकदाच हलवायचे असतील तर लॅपटॉप उचलून राउटरजवळ नेऊन केबल खुपसणं हा कुठल्याही सेटिंगपेक्षा खात्रीचा उपाय.

सुरुवातीला ११० आणि मिनिटभरात एकदम ३० असा कडेलोट होत असेल तर गोष्ट वेगळी. पहिला वेग डब्याच्या मेमरीचा होता. ती भरली आणि डिस्कचं खरं रूप समोर आलं. काही हार्ड डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांच्यात माहितीच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे एक कौल बदलायचं तर शेजारची उचलून पुन्हा बसवावी लागतात. अशी डिस्क सलग लिहिताना धापा टाकते. काम तुकड्यांत वाटा, मध्ये तिला उसंत द्या.

याच वेळी डब्याच्या नियंत्रण पानावर डिस्कची प्रकृतीही पाहून घ्या. ‘पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’चा (डिस्कवरच्या बिघडत चाललेल्या जागांचा) आकडा वाढत चालला असेल तर हा लेख इथेच सोडा आणि आधी डेटा दुसरीकडे काढा.

मोठी फाइल झरझर जाते पण दहा हजार फोटो सरता सरत नाहीत? हा बिघाड नाही. प्रत्येक फाइलसाठी दोन यंत्रांमध्ये ‘उघड, लिही, वेळ नोंदव, बंद कर’ असे अनेक निरोप ये-जा करतात. फाइल चिमुकली असली तरी निरोप तेवढेच. फोल्डरची एक झिप करून पाठवा. फोटो आधीच आकुंचित असतात, त्यामुळे ‘कॉम्प्रेशन नको’ हा पर्याय निवडला तर झिपही लवकर बनते.

पायरी ४: मध्येच तुटत असेल तर

कॉम्प्युटर झोपी जातोय का, हे आधी पाहा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि स्लीप बंद ठेवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढून टाका. उलट, डबा बराच वेळ रिकामा बसला तर त्याच्या डिस्का थांबतात आणि पहिल्या हाकेला जागं व्हायला काही सेकंद घेतात. ते तुटणं नव्हे, थोडं थांबा.

फोल्डरची यादी दिसते, छोट्या फाइली जातात, पण मोठी फाइल टाकली की सगळं गोठतं, असं असेल तर ‘जंबो फ्रेम’ तपासा. नेटवर्कवर माहिती छोट्या पाकिटांत जाते आणि नेहमीचं पाकीट १५०० बाइटचं असतं. कुणी वेग वाढवण्याच्या नादात एका टोकाला ते ९००० केलं आणि मधला स्विच तेवढं मोठं पाकीट पुढे सोडत नसेल तर मोठी पाकिटं वाटेतच नाहीशी होतात. सगळीकडे १५०० करा. घरगुती वापरात जंबोने फायदा किरकोळ होतो आणि डोकेदुखी भरपूर.

कनेक्शन कधीमधी तुटणारच असेल तर तुटलं तरी चालेल असं साधन वापरा. विंडोजमध्ये रोबोकॉपी आधीपासूनच असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये असं काहीसं लिहायचं:

रोबोकॉपी डी:\फोटो \\१९२.१६८.१.२०\साठा /ई /झेड /आर:३ /डब्ल्यू:५

/ई म्हणजे आतले सगळे फोल्डर, /झेड म्हणजे तुटलं तर तिथूनच पुढे. /झेडने वेग थोडा उतरतो, पण इथे तो सौदा परवडतो. /आर आणि /डब्ल्यू मात्र विसरू नका. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी ३० सेकंदांच्या अंतराने दहा लाख वेळा प्रयत्न करतं. हिशेब केला तर एका फाइलपायी सुमारे ३४७ दिवस. तीच आज्ञा पुन्हा चालवली की पोचलेल्या फाइली वगळून उरलेल्याच जातात. /एमआयआर या पर्यायापासून सावध राहा, कारण मूळ फोल्डरात नसलेल्या फाइली तो पलीकडूनही पुसून टाकतो. मॅकवर आणि लिनक्सवर हेच काम आरसिंक करतं.

पायरी ५: ठरावीक फाइलच अडत असतील तर

४ जीबीहून मोठी प्रत्येक फाइल अडतेय? मग पलीकडची डिस्क फाइली साठवण्याच्या फॅट३२ पद्धतीची आहे. राउटरला किंवा डब्याला मागून यूएसबी डिस्क जोडलेली असते तेव्हा हे हमखास होतं. डेटा बाजूला काढून ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, पण कोणती पद्धत चालेल ते डब्याच्या माहितीत आधी पाहा.

नावात प्रश्नचिन्ह, कोलन, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा शेवटी टिंब असेल तर विंडोज ते घेत नाही. मॅकवरून आलेल्या फाइलींत अशी नावं सापडतात. फोल्डरात फोल्डर असं करत पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे गेला तरी फाइल एक्स्प्लोरर अडखळतो. आतला एखादा फोल्डरच ड्राइव्ह म्हणून जोडला की मार्ग आखूड होतो.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी एक खास गोम आहे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक डब्यांत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते, अक्षरांची नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘निमंत्रणपत्रिका’ डोळ्यांना सातच अक्षरांची, पण मोजली तर १५ चिन्हं, म्हणजे ४५ बाइट. अशी सहा-सात शब्दांची नावं विंडोजवर सुखाने नांदतात आणि डब्यावर जाताना अडतात. नाव आखूड करा.

राहिल्या किरकोळ गोष्टी. फाइल दुसरीकडे उघडी नाही ना, त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी तुमच्या खात्याला आहे ना, आणि जागा शिल्लक आहे ना. पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर डब्याची स्वतःची कचरापेटी आणि जुने स्नॅपशॉट (डब्याने राखून ठेवलेल्या आधीच्या स्थितीच्या प्रती) पाहा.

पायरी ६: पोचलं की नाही याची खात्री

दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळवा. ‘साइझ ऑन डिस्क’ जुळणार नाही, त्याची काळजी नको. संख्येत एक-दोनाचा फरक थंब्स.डीबीसारख्या लपलेल्या फाइलींमुळेही पडतो. फाइल महत्त्वाची असेल तर विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने दोन्ही प्रतींचा एसएचए२५६ ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) काढा. ६४ अक्षरांचा तो ठसा तंतोतंत सारखा यायला हवा. मूळ प्रत पुसण्याआधी दोन-चार मोठे व्हिडिओ ड्राइव्हवरूनच उघडा आणि शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून पाहा, कारण अर्धवट पोचलेला व्हिडिओही सुरुवातीला अगदी नीट चालू शकतो.