मेणवलीच्या घंटेपासून जुन्या गोव्यापर्यंत : जुने कॅथलिक चर्च कसे पाहावे

साताऱ्या-सांगलीकडून गोव्याला जाणारी बहुतेक कुटुंबे जुन्या गोव्यासाठी जेमतेम अर्धा तास राखून ठेवतात, संत झेवियर यांच्या शवपेटीचे दर्शन घेतात, दारात फोटो काढतात आणि मंगेशीच्या वाटेला लागतात. पहिल्या खेपेस मीही नेमके हेच केले होते. ही चर्च आणि मठ खरोखर पाहायचे असतील, तर पूर्ण एक दिवस द्यावा आणि पूर्वतयारी घराजवळच, वाईलगतच्या मेणवलीत करावी.

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर पंचधातूची एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकून घेतली, तेव्हा तेथील चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत पोहोचल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची आणि भीमाशंकरची घंटा त्यांतलीच. मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल असून बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. ती समोरून सहज लक्षात येत नाही. उजेड तिरपा पडेल अशा बाजूला सरकून पाहावे, म्हणजे कडा उमटतात. देवळातील घंटा भाविक आत शिरताना स्वतः वाजवतो. चर्चची घंटा मात्र मनोऱ्यातून साऱ्या गावाला प्रार्थनेस बोलावते. ती एवढी वजनदार का आणि चर्चला मनोरा का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या एका फरकात आहे.

आणखी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. सातारा, वाई, सांगली, मिरज या पट्ट्यात जी मिशनची चर्च आपण लहानपणापासून पाहत आलो, ती बहुतांशी अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या कामातून उभी राहिली, मिरजेचे मिशन रुग्णालय उभारणारे डॉ. वानलेस हे प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनचे. त्या चर्चमध्ये मूर्ती नसतात, भिंती साध्या असतात. तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवून जुन्या गोव्यात शिरले, की सोन्याचा मुलामा, संतांच्या मूर्ती आणि कोरीव काम पाहून माणूस गोंधळतो. कॅथलिक परंपरेत प्रतिमा हे शिकवणीचे साधन असते; वाचता न येणाऱ्यालाही संतचरित्र कळावे, हा त्या मांडणीमागचा हेतू आहे.

सुरुवात बासिलिका ऑफ बॉम जीझस येथून करावी. 1594 मध्ये काम सुरू होऊन 1605 मध्ये या वास्तूचा अभिषेक झाला. घाईने आत न जाता तीस-चाळीस पावले लांब उभे राहून दर्शनी भिंत खालून वर वाचावी : तळाशी तीन दारे, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन गोल खिडक्या आणि सर्वांत वर, कोरलेल्या चौकटीत, ‘आय एच एस’ ही अक्षरे. ग्रीक लिपीतील येशूच्या नावाची ही पहिली तीन अक्षरे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची निशाणी आहेत, त्यामुळे वास्तू कोणत्या संघाची, हे दारातच कळते. आता दगड पाहावा. भिंत तांबड्या जांभ्याची आहे, तर स्तंभ आणि कोरीव भाग वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचे आहेत. पाचगणीच्या टेबललँडचा माथा जांभ्याचा आणि वाईची देवळे काळ्या पाषाणाची, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही निवड लगेच उमजेल : जांभा सच्छिद्र असल्याने त्यात बारीक नक्षी टिकत नाही, काळ्या दगडावर धार राहते. या चर्चवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. तो 1950 च्या दशकात उतरवला गेला. आज पर्यटकांना आवडणारा तांबडा रंग म्हणजे मूळ रूप नव्हे, आणि उघडा जांभा पावसाने झिजतो, हे पाहता तो गिलावा काढायला नको होता, असे माझे मत आहे.

आत गेल्यावर देवळाची उपमा थोडी जपून वापरावी. वेदीची जागा गाभाऱ्यासारखी वाटली, तरी सभामंडपात बसलेल्या प्रत्येकाला तेथील विधी दिसावा आणि प्रवचन ऐकू यावे, अशी येथील रचना असते. म्हणूनच प्रवचनपीठ वेदीपाशी नसून बाजूच्या भिंतीवर, लोकांच्या मध्ये येते. त्याच्या तळाशी वाकून अवश्य पाहावे. गोव्यातील कित्येक जुन्या प्रवचनपीठांना खालून नागिणीसारख्या आकृत्यांनी तोलून धरले आहे. नमुना युरोपातून आला, छिन्नी मात्र येथील सुताराची होती. झेवियर यांच्या समाधीतही हाच मेळ आहे : खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांची भेट, फ्लॉरेन्सच्या फोजिनी यांनी घडवलेला आणि 1698 मध्ये येथे बसवलेला, वरची चांदीची पेटी त्याआधीची, गोव्याच्या कारागिरांनी 1636-37 मध्ये केलेली. पेटी उंचावर असल्याने लहान दुर्बीण जवळ असावी.

मूर्ती ओळखण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. शंखचक्रावरून जसा विष्णू, तसा किल्ल्यांवरून पीटर, अंगात रुतलेल्या बाणांवरून सेबॅस्टियन आणि चाकावरून कॅथरिन ओळखावी. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल याच संत कॅथरिनचे आहे. त्याच्या मुख्य वेदीमागील सोनेरी फलकांवर तिच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरलेले आहेत. सुमारे 76 मीटर लांबीच्या या चर्चचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही, म्हणून त्याचा दर्शनी भाग लंगडा दिसतो. शेजारच्या संत फ्रान्सिस चर्चमध्ये मान खाली घालून चालावे, कारण जमिनीवर घराण्यांची चिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत.

येथे चपला काढाव्या लागत नाहीत, टोपी मात्र काढावी. प्रार्थना चालू असताना फिरू नये. 3 डिसेंबरच्या झेवियर यांच्या फेस्ताच्या (सणाच्या) आसपास गर्दी एवढी असते, की कलेचा विचार सोडून द्यावा.

मठ समजायला चौसोपी वाडा आठवावा : मधे चौक, भोवती कमानींचा सोपा, त्यामागे खोल्या. सांता मोनिका हा जोगिणींचा (नन्सचा) मठ 1627 मध्ये पुरा झाला; तेथील ख्रिस्ती कलेचे संग्रहालय चुकवू नये. त्याच टेकडीवर ऑगस्टिनियन या दुसऱ्या धर्मसंघाच्या मठाचे अवशेष आहेत आणि दिवसाचा शेवट तेथेच करावा. 1835 मध्ये अशा धर्मसंघांना गोवा सोडावा लागला, 1842 मध्ये चर्चचे छत पडले, 1931 मध्ये दर्शनी भाग व निम्मा मनोरा ढासळला. 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग आज उभा आहे. पडझडीमुळे भिंतींची जाडी आणि जांभ्याचे थर उघडे पडले आहेत, ते निवांत पाहावेत. मनोऱ्यात घंटा नाही. 1871 मध्ये ती पणजीच्या चर्चवर नेली गेली. परतीच्या वाटेवर तेथील नागमोडी पायऱ्यांच्या तळाशी उभे राहून वर पाहिले, की मधल्या कमानीत ती टांगलेली दिसते.