जगाचा गंधार एकच का? घरी तपासा

‘जुळलेले सूर अख्ख्या जगाला गोडच लागतात’, असं क्लासमध्ये कुणी म्हटलं की मी त्याला गवसणीतून तंबोरा काढायला लावतो. तुम्हीही काढा. ॲपमधला नको, त्याची खुंटी पिळता येत नाही.

पट्टी पांढरी एक, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी हाच सा. पेटीच्या षड्जाशी जोडीची (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) एक तार मिळवा, मग दुसरी तिच्याजवळ आणा. आवाज डोलायला लागेल, वांऽ वांऽ वांऽ. तारेत ओवलेला मणी केसभर सरकवा. डोल संथ होत होत थांबला की जोड जुळली. पंचमाची पहिली तार आणि खालच्या सा ची शेवटची जाड तार, म्हणजे खर्ज, असेच. आता खर्जाची तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा दोरा नखानं हळूहळू हलवत राहा. एका जागी तार उघडते आणि कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. खर्जाची आंदोलनं सेकंदाला ६५.४, त्याच्या पाचपट ३२७, तोच हा.

पेटीवर पांढरी तीन, म्हणजे पेटीचा गंधार, दाबा. हल्लीच्या बहुतेक पेट्यांत तिथं ३२९.६ च्या आसपास वाजतं. म्हणजे सेकंदाला साधारण अडीच डोल. एका मुलाला ‘गंधार उतरतोय’ म्हणून मी वर्षभर रागावलो. तो तंबोऱ्याचं ऐकत होता, मी पेटीचं!

पुढचा प्रयोग घरच्यांवर करा. सा आणि कोमल रे एकदम दाबा, मग सा-प. काय वाजवताय ते सांगू नका, फक्त ‘कसं वाटलं?’ विचारा. आमच्याकडे पहिल्याला सगळ्यांनी नाकं मुरडली. पण बोलिव्हियातल्या ॲमेझॉन खोऱ्यातले त्सिमाने लोक एकत्र सुरात गात नाहीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना जुळलेले नि न जुळलेले सूर सारखेच आवडले. खरखरीत आवाज मात्र त्यांनाही नकोसा झाला. डोल कुठंही डोलच, तो आवडणं शिकण्यातून येतं, असं मला वाटतं.

शेवटी इंडोनेशियातल्या बालीचं गामेलान, म्हणजे मुख्यतः धातूच्या वाद्यांचं समूहवादन, लावा. तिथं वाद्यांची जोडी मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावतात, डोल यावा म्हणून. त्याला शब्दच ‘ओंबाक’, म्हणजे लाट. कोमल रे ऐकून कानावर हात ठेवणारी माझी नात हे ऐकून म्हणाली, “आजोबा, देवळातली घंटा!” चूक नाही तिची. मोठ्या घंटेला एकच टोला द्या आणि नाद विरेपर्यंत हलू नका; तोही डोलतो.