यूएसबी ड्रायव्हर यंत्र गोठवत असेल तर दुरुस्ती कशी करावी

उपकरण जोडताच लिनक्स यंत्र गोठत असेल, तर तो प्रकार सर्वप्रथम व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात) हुकमी घडवून आणावा. त्यासाठी सदोष उपकरण हाताशी असण्याची गरज नाही. डमी-एचसीडी आणि रॉ-गॅजेट ही कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) मॉड्यूल वापरून हवे तसे खोटे उपकरण उभे करता येते.

नंतर कर्नल लॉग पाहावा. मूळ सेटिंगनुसार एखादा सीपीयू सुमारे 20 सेकंद कर्नलमध्येच अडकून राहिला की ‘सॉफ्ट लॉकअप’चा इशारा येतो, आणि त्यासोबतच्या कॉल ट्रेसवरून (कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले त्या यादीवरून) दोषी फंक्शन सापडते.

बहुधा तिथे डिस्क्रिप्टर, म्हणजे उपकरण स्वतःविषयी पाठवते ते माहितीचे तुकडे, वाचणारे लूप असते. प्रत्येक डिस्क्रिप्टरचा पहिला बाइट त्याची लांबी सांगतो व लूप तेवढेच पुढे सरकते. उपकरणाने तिथे 0 पाठवला, की वाचनाची जागा दाखवणारा पॉइंटर जागचा हलत नाही आणि लूप कधीच संपत नाही. अशा वेळी घाईघाईने फक्त शून्याची तपासणी घातली जाते. ती अपुरी आहे, कारण डिस्क्रिप्टरचा प्रकार दुसऱ्या बाइटमध्ये असल्याने 1 ही लांबीही निरर्थकच ठरते. म्हणून बफरमध्ये (उपकरणाकडून आलेल्या माहितीच्या साठ्यात) किमान 2 बाइट शिल्लक आहेत, सांगितलेली लांबी 2 पेक्षा कमी नाही आणि ती शिल्लक बाइटांपेक्षा जास्तही नाही, हे प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तपासावे. पुढची फील्ड वाचण्यापूर्वी त्या प्रकाराला लागणारी पूर्ण लांबी आहे ना, हेही पाहावे. फेऱ्यांवर मनमानी मर्यादा घालणे म्हणजे लक्षण झाकणे होय.

तपासणी फसल्यावर प्रोब फंक्शनमधून, म्हणजे उपकरण जोडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमधून, थेट परतू नये. घेतलेली मेमरी, यूआरबी (यूएसबीवरील देवाणघेवाणीच्या विनंत्या) आणि लॉक उलट्या क्रमाने सोडावेत. नाहीतर तेच उपकरण पुन्हापुन्हा जोडून मेमरी संपवता येईल, म्हणजे यंत्र बंद पाडण्याची वाट उघडीच राहील, फक्त लांबची. त्रुटीचा संदेश वारंवार छापला जाण्याची शक्यता असल्यास त्याचा वेगही मर्यादित ठेवावा.

चाचणीसाठी केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर), केमेमलीक (न सोडलेली मेमरी) आणि लॉकडेप (लॉकमधल्या चुका) हे दोषशोधक चालू करून कर्नल बांधावा. लांबी 0, 1, 2, शिल्लक बाइटांइतकी आणि त्याहून एकाने जास्त अशी देऊन पाहावी. शिवाय निर्दोष उपकरण पूर्वीसारखेच चालते याचीही खात्री करावी. पॅच पाठवताना दोष ज्या कमिटमुळे (कोडमधील नोंदवलेल्या बदलामुळे) शिरला त्याच्या आयडीची पहिली 12 अक्षरे ‘फिक्सेस’ टॅगमध्ये द्यावीत, म्हणजे स्टेबल शाखा सांभाळणाऱ्यांना ही दुरुस्ती कोणकोणत्या जुन्या आवृत्त्यांत न्यायची ते ठरवता येते.